मुंबईत जन्मलेल्या किपलिंगचे बालपण परक्या घरात का गेले?

‘जंगल बुक’चे लेखक रुडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत जन्मले. वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. इथल्या आजारांच्या धास्तीने इंग्रज कुटुंबे तेव्हा मुलांना मायदेशी धाडत. १८७१ मध्ये पाच वर्षांचा रुडयार्ड आणि तीन वर्षांची ट्रिक्स यांना साउथसीत अनोळखी घरी पैसे देऊन ठेवले गेले. आईवडील न सांगताच परतले. पुढची जवळपास सहा वर्षे मार आणि धाक. एकदा तर पाठीवर ‘खोटारडा’ अशी पाटी लावून त्याला शाळेत पाठवले. नजर अधू झाली, तेही उशिरा कळले. दर डिसेंबरला मावशीकडे सुटका व्हायची, पण तिलाही तो काही बोलला नाही; सगळीकडे असेच असते, असे मुलांना वाटते. १८७७ मध्ये आई आली. रात्री पापा घ्यायला वाकली, तर मुलाने मार चुकवायला हात वर केला.