ख्रुसाच्या झाडाला आलेले वसईचे फळ



आपल्या वाडीतली केळ आयुष्यात एकदाच निसवते. लोंगर तयार झाला की कोयता चालतो आणि खांब आडवा होतो. पण बुंध्याशी मुनवे उभे असतात, म्हणून वाडी उजाड होत नाही. ह्याच मातीत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांचे जीवन असेच होते.

१५५६ च्या सुमारास वसईत त्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघाच्या फादरांच्या शाळेत त्यांनी शिक्षण घेतले आणि श्रद्धेचे बी तेथेच रुजले. पंधरा-सोळा वर्षांचे असताना ते फादरांबरोबर जपानला गेले. ते कोवळे रोप परक्या मातीत चांगले धरले. गोन्सालो जपानी भाषा शिकले, इतकी की लोक त्यांचे बोलणे आवडीने ऐकत. सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून सेवा केली.

त्यांची एकच इच्छा होती, येशूसंघात दाखल होण्याची. वर्षे गेली, पण तो प्रवेश त्यांना मिळाला नाही. मन खट्टू झाले. ते मकावला गेले आणि व्यापारात पडले. धंदा चांगला चालला, पैसा आला, ओळखी वाढल्या. पाहणाऱ्याला वाटले असेल, ह्या झाडाला आता देवाच्या कामाचे फळ काही येत नाही. शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा दाखला आपल्याला माहीत आहे. मालक ते तोडायला निघाला, पण माळ्याने आणखी एक वर्ष मागून घेतले. मातीखाली काय चालले आहे, हे माळ्यालाच ठाऊक असते.

पुढे गोन्सालो मनिलाला गेले. तेथे फ्रान्सिस्कन संघाशी त्यांचा संबंध आला. १५८७ च्या सुमारास व्यापार सोडून ते त्या संघात ब्रदर झाले. धर्मगुरूपद नाही, मानाची जागा नाही, फक्त सेवा.

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते पुन्हा जपानला गेले. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर दुभाषी म्हणून उभे राहिले ते आपले गोन्सालो. पूर्वी शिकलेली भाषा आता उपयोगी पडली. वाया गेलेली वाटणारी वर्षे वाया गेली नव्हती. क्योटो शहरात फ्रान्सिस्कन बंधूंनी चर्च उभारले, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय काढले. जखमा धुण्याचे काम तेथे प्रार्थनेइतकेच पवित्र मानले जाई.

१५९६ च्या अखेरीस हिदेयोशीचा रोष उफाळला. गोन्सालो व त्यांचे सोबती पकडले गेले. त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना शहरातून फिरवण्यात आले. मग ऐन हिवाळ्यात, जवळजवळ महिनाभर, नागासाकीपर्यंतचा प्रवास. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ ख्रुस उभे राहिले. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक. त्यांत बारा वर्षांचा एक मुलगाही होता. परंपरा सांगते, की गोन्सालो यांनी आपल्या ख्रुसापुढे गुडघे टेकले आणि त्याला मिठी मारली. लोखंडी कड्यांनी व दोरांनी त्यांना ख्रुसाला जखडण्यात आले आणि भाल्यांनी भोसकण्यात आले. तेव्हा त्यांचे वय चाळीसच्या आसपास होते.

ख्रिस्तसभा ख्रुसाला जीवनाचे झाड मानते. एदेन बागेतील झाडापाशी माणूस हरला, कालवारीच्या झाडावर प्रभू येशूने त्याला जिंकून आणले. पण ते झाड दिसायला वाळलेले लाकूडच! निशिझाकावरचे ख्रुसही तसेच दिसले असतील. पुढे जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, धर्मगुरू हाकलले गेले, मारले गेले. सारे संपले असे जगाला वाटले.

१८६२ साली पोप नववे पायस यांनी ह्या २६ जणांना संतपद दिले आणि गोन्सालो भारतात जन्मलेले पहिले संत ठरले. त्यानंतर नागासाकीत ह्या हुतात्म्यांच्या नावाने ओउरा चर्च बांधले गेले. १७ मार्च १८६५ रोजी काही गावकरी त्या चर्चमध्ये आले. त्यांनी फ्रेंच फादरांच्या कानात हळूच सांगितले, की आमची श्रद्धा तुमचीच आहे. दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूंविना, मिस्साविना, लपूनछपून मुलांना बाप्तिस्मा देत त्यांनी श्रद्धा जपली होती. खांब कापला गेला होता, पण मुनवे जिवंत होते!

आपण मात्र फळाची घाई करतो. मुलाला हवा तो प्रवेश मिळाला नाही की आपण खचतो. मुलगी संध्याकाळच्या रोझरीला बसत नाही, म्हणून तिच्यात श्रद्धाच नाही असे ठरवून टाकतो. स्वतःच्या आयुष्याकडे पाहूनही कधी वाटते, आपल्याकडून काहीच झाले नाही. अशा वेळी वसईच्या ह्या सुपुत्राकडे पाहूया. ज्या दारातून त्यांना आत जायचे होते, ते उघडलेच नाही. तरी देवाने त्यांची वाढ थांबवली नाही.

झाडाचे काम मुळे धरून राहण्याचे. फळ कधी द्यायचे आणि ते कोणी चाखायचे, हे माळ्याने ठरवायचे. ह्या आठवड्यात ज्याच्याविषयी आपण आशा सोडली आहे, अशा एका माणसासाठी रोज एक नमो मरिया म्हणूया.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती करा.