फ्रान्सिस झेवियर

फ्रान्सिस झेवियर (जन्म : झेवियरची गढी, नव्हार, ७ एप्रिल १५०६, मृत्यू : शांगच्वान बेट, चीन, ३ डिसेंबर १५५२) हे येशूसंघाच्या संस्थापक सदस्यांपैकी एक आणि आशियात कार्य केलेले रोमन कॅथलिक धर्मप्रचारक होते. कॅथलिक चर्चने त्यांना संतपद दिले असून गोव्यात ते 'गोंयचो सायब' या नावाने ओळखले जातात. महाराष्ट्रात त्यांचे नाव सर्वाधिक ऐकू येते ते शाळा-महाविद्यालयांमुळे. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ साली सुरू झाले. स्वतः झेवियर यांचा ज्या विद्यालयाशी दहा वर्षे संबंध राहिला, ते मात्र जुन्या गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालय होय. त्यांच्या चरित्रात समुद्रप्रवासांना मोठी जागा मिळते आणि या मुलांच्या शाळेला थोडी. प्रस्तुत लेखात तिच्याकडे अधिक लक्ष दिले आहे.

बालपण आणि पॅरिसमधील शिक्षण

झेवियर यांचा जन्म नव्हार राज्यातील एका बास्क सरदार घराण्यात झाला. वडील हुआन दे हासो हे राजाच्या दरबारातील मोठे अधिकारी होते. १५१२ मध्ये कॅस्टिलच्या सैन्याने नव्हार जिंकले, १५१५ मध्ये वडील वारले आणि पुढच्याच वर्षी विजेत्यांनी गढीची तटबंदी पाडली. थोरले भाऊ लढाईच्या मार्गाला लागले. धाकट्या फ्रान्सिस यांनी विद्येची वाट धरली.

१५२५ मध्ये ते पॅरिसला सेंट बार्ब महाविद्यालयात दाखल झाले. तेथे पिएर फाव्र हे त्यांचे खोलीसोबती होते. १५२९ मध्ये त्याच खोलीत वयाने बरेच मोठे असलेले इग्नेशियस लोयोला राहावयास आले. पदवी मिळाल्यावर झेवियर यांनी काही काळ बोव्हे महाविद्यालयात ॲरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान शिकविले. लोयोलांच्या प्रभावाला ते सहजी वश झाले नाहीत. परंतु १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र येथे शपथ घेणाऱ्या सात जणांत ते होते. १५३७ मध्ये व्हेनिस येथे त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. सुमारे अकरा वर्षे वसतिगृहातील विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून जगलेला हा मनुष्य होता, ही गोष्ट त्यांची गोव्यातील कामगिरी पाहताना ध्यानात ठेवावी लागते.

गोव्यात आगमन

पोर्तुगालचा राजा जॉन तिसरा याने आपल्या पूर्वेकडील मुलखासाठी धर्मगुरूंची मागणी केली होती. आधी ठरलेले सहकारी आजारी पडल्याने ऐनवेळी झेवियर यांची निवड झाली. ७ एप्रिल १५४१ रोजी ते लिस्बनहून निघाले आणि मोझांबिक येथे मुक्काम करून ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोचले. मुक्कामासाठी त्यांनी इस्पितळ निवडले. रुग्ण आणि कैदी यांची विचारपूस झाली की ते हातात घंटा घेऊन रस्त्याने फिरत आणि मुलांना व गुलामांना गोळा करून चर्चमध्ये नेत. तेथे प्रार्थना आणि धर्मसूत्रे चालीवर म्हणवून घेतली जात. पाठांतर, तेही सुरात आणि समूहाने, ही त्यांची अध्यापनाची रीत पुढे सर्वत्र कायम राहिली.

सेंट पॉल महाविद्यालय

हे विद्यालय झेवियर यांनी स्थापन केले, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. ते येण्यापूर्वी वर्षभर, १५४१ मध्ये, मिगेल वाझ आणि दियोगो द बोर्बा या दोन धर्मगुरूंच्या पुढाकाराने 'सांता फे' म्हणजे पवित्र श्रद्धा या नावाचा एक बंधुसंघ स्थापन झाला होता. एतद्देशीय मुलांना शिकवून धर्मगुरू, उपदेशक आणि दुभाषे म्हणून तयार करावे व आपापल्या मुलखात परत पाठवावे, हा त्याचा हेतू होता. विद्यालयाच्या चर्चचे नाव सेंट पॉल यांच्यावरून पडले आणि तेच पुढे संस्थेला चिकटले.

पैसा कोठून आला, हेही सांगितले पाहिजे. त्याच सुमारास तिसवाडी बेटावरील हिंदू देवळे पाडण्यात आली होती. त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न १५४१ मध्ये गावकऱ्यांकडून या नव्या संस्थेकडे वळविण्यात आले. देवाच्या पूजेअर्चेसाठी आणि देवळाच्या सेवेकऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या शेतांवर विद्यालयाचा खर्च चालू लागला.

सप्टेंबर १५४२ मध्ये झेवियर यांनी युरोपात पाठविलेल्या पत्रांतून विद्यालयाचे वर्णन येते. त्या वेळी साठहून अधिक मुले होती आणि नव्या इमारतीचे काम चालू होते. गव्हर्नर मार्तिम आफोन्सो द सोझा यांची इच्छा होती की येशूसंघाने विद्यालय चालवावे. झेवियर यांनाही ते हवे होते. वाझ आणि बोर्बा हे दोघेही १५४७ च्या प्रारंभी वारल्यानंतर कारभार हळूहळू पूर्णपणे येशूसंघाकडे आला.

मुले नाना देशांची होती. गोवा आणि कानडा मुलखातील मुलांबरोबर मलबार, गुजरात, बंगाल, पेगू, मलाक्का, मलुकू बेटे आणि पूर्व आफ्रिका येथील मुले एका छताखाली राहत. त्यांची बोलणी, खाणे, देवधर्माच्या आठवणी सारे वेगळे. दिवस प्रार्थना, लॅटिन व्याकरण, वाचन-लेखन आणि चर्चमधील गायन यांत जाई. सणाच्या मिरवणुकीत ही मुले गात चालत. १५४५ मध्ये आलेले इटालियन धर्मगुरू निकोलाव लान्सिलोत्तो हे लॅटिन शिकवीत. प्रकृतीने ते फार अशक्त होते. एवढ्या भाषांच्या मुलांना एकत्र आणून लॅटिन शिकविण्यातून काय साधणार, याविषयी त्यांना शंका होती आणि ती त्यांनी वरिष्ठांना लिहून कळविली. त्यांची शंका निराधार नव्हती. आपल्या माणसांत परत जाऊन त्यांच्याच भाषेत बोलणारा तरुण हा या शाळेचा अपेक्षित विद्यार्थी होता. शाळेची सगळी रचना मात्र त्याला त्या भाषेपासून दूर नेणारी होती.

किनाऱ्यावरील मुले

झेवियर स्वतः विद्यालयात फार काळ राहिले नाहीत. १५४२ च्या पावसाळ्यानंतर ते दक्षिणेस मोती काढणाऱ्या परवर कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेले. त्यांना तमिळ येत नव्हते. जाणकारांकडून त्यांनी मुख्य प्रार्थनांचे तमिळ रूपांतर करवून घेतले, ते पाठ केले आणि मुलांकडून घोकवून घेतले. ही मुले घरी जाऊन आईबापांना व शेजाऱ्यांना शिकवीत; आजाऱ्याकडे जाणे शक्य नसेल तेव्हा झेवियर मुलांनाच पाठवीत. गावोगावी पगारी शिक्षक नेमण्यासाठी त्यांनी ४,००० पणमांची वार्षिक रक्कम मिळविली. ही रक्कम पोर्तुगालच्या राणीच्या पादत्राणांच्या खर्चासाठी राखलेली असे. गोव्यात लॅटिन आणि किनाऱ्यावर तमिळ, असे त्यांच्या शिक्षणकार्याचे दोन वेगळे नमुने एकाच वेळी चालू होते.

१५४५ ते १५४७ या काळात ते मलाक्का आणि मलुकू बेटांत होते. मलाक्का येथे त्यांना अंजिरो हा जपानी गृहस्थ भेटला. १५४८ मध्ये अंजिरो आणि त्याचे दोन सोबती सेंट पॉल महाविद्यालयात राहून शिकले; त्याच वर्षी अंजिरोचा बाप्तिस्मा होऊन त्याला पावलो द सांता फे हे नाव मिळाले. त्याच्या बुद्धीची झेवियर यांच्यावर मोठी छाप पडली आणि १५४९ च्या एप्रिलमध्ये ते त्याला घेऊन जपानकडे निघाले.

आंतोनियो गोमिश यांचा वाद

जपानला निघताना विद्यालय आंतोनियो गोमिश यांच्या ताब्यात होते. १५४८ मध्ये आलेले हे पोर्तुगीज धर्मगुरू प्रभावी वक्ते होते आणि गोव्याच्या पोर्तुगीज समाजात त्यांना मान होता. त्यांनी कोइंब्रा येथील विद्यालयाची कडक शिस्त जशीच्या तशी येथे लागू केली. ती न सोसून काही मुले कुंपणाच्या भिंतीवरून उड्या टाकून पळाली. गोमिश यांच्या मते एतद्देशीय मुलांवर खर्च करण्यात अर्थ नव्हता. त्यांनी या मुलांना काढून टाकले आणि त्यांच्या जागी पोर्तुगीज तरुण भरले. ज्यांच्या देवळांच्या जमिनींवर शाळा उभी होती, त्या भूमीतील मुलांनाच तिचे दार बंद झाले.

फेब्रुवारी १५५२ मध्ये झेवियर जपानहून परतले. कोचीन येथे गोमिश यांनी एका बंधुसंघाचे चर्च ताब्यात घेतले होते. ते झेवियर यांनी वाटेतच मूळ मालकांना परत केले. गोव्यात पोचल्यावर त्यांनी गोमिश यांना पदावरून दूर करून दीवला पाठविले आणि येशूसंघातून काढून टाकण्याचा आदेश दिला. विद्यालय गास्पार बार्झेउ या फ्लेमिश धर्मगुरूंच्या स्वाधीन झाले. त्यांच्यासाठी झेवियर यांनी सविस्तर लेखी सूचना ठेवल्या.

या प्रसंगावरून झेवियर यांना एतद्देशीयांचे कैवारी ठरविणे घाईचे होईल. जानेवारी १५४९ मधील पत्रात त्यांनी स्वतःच, या देशातील माणसांच्या बळावर येशूसंघ टिकणार नाही, असे मत कळविले होते. विद्यालय देशी मुलांसाठी असावे, हे त्यांना मान्य होते. त्या मुलांनी त्यांच्या बरोबरीने संघात बसावे, हे नव्हते.

इन्क्विझिशनची मागणी

मे १५४६ मध्ये मलुकू भागातून राजाला लिहिलेल्या पत्रात झेवियर यांनी भारतात इन्क्विझिशन नेमण्याची विनंती केली. ते न्यायासन गोव्यात १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, आले. त्याच्या पुढील कारभाराची जबाबदारी त्यांच्यावर कितपत टाकावी, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. विनंती केल्याबद्दल मात्र वाद नाही.

अखेरचा प्रवास

१५५२ च्या एप्रिलमध्ये झेवियर चीनकडे निघाले. सोबत आंतोनियो नावाचा चिनी तरुण होता. तो लहानपणापासून सुमारे आठ वर्षे सेंट पॉल महाविद्यालयात शिकला होता. विद्यालयाच्या मूळ कल्पनेप्रमाणे आपल्या देशात परत जाणारा विद्यार्थी तो हाच. परंतु इतक्या वर्षांत त्याची चिनी भाषा बरीचशी विसरली गेली होती आणि झेवियर यांना दुसरा दुभाषा शोधावा लागला. तो दुभाषा पुढे भीतीने माघारी फिरला.

चीनमध्ये परकीयांना बंदी होती. ठरलेला चिनी व्यापारी नेण्यास आलाच नाही. कँटनजवळील शांगच्वान बेटावर वाट पाहत असता झेवियर तापाने आजारी पडले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी पहाटे वारले. उशाशी आंतोनियो होता. आजारपण आणि अखेरच्या दिवसांची जी माहिती आज उपलब्ध आहे, ती मुख्यतः त्याच्याकडून आलेली आहे. पुरण्याच्या वेळी उपस्थित असलेल्या चौघांतही तो होता.

मृतदेह प्रथम मलाक्का येथे आणि तेथून मार्च १५५४ मध्ये गोव्यास आणला गेला. तो सेंट पॉल महाविद्यालयाच्या चर्चमध्ये ठेवण्यात आला. १६१९ मध्ये झेवियर यांना धन्य आणि १२ मार्च १६२२ रोजी संत घोषित करण्यात आले. सतराव्या शतकात शव बॉम जेझू बॅसिलिकात हलविले गेले. साधारण दर दहा वर्षांनी त्याचे जाहीर दर्शन घडविले जाते. ३ डिसेंबरला त्यांचा सण साजरा होतो.

विद्यालयाचा पुढील काळ

सप्टेंबर १५५६ मध्ये एक मुद्रणयंत्र गोव्यात उतरले. ते खरे तर ॲबिसिनियासाठी निघाले होते, पण सेंट पॉल महाविद्यालयातच राहिले. त्यावर पहिल्याने छापले गेले ते विद्यार्थ्यांच्या जाहीर वादसभेचे विषय. भारतातील मुद्रणाचा प्रारंभ असा एका शाळेच्या वादविवादाच्या कागदांनी झाला. पुढच्या वर्षी झेवियर यांची मुलांसाठीची धर्मप्रश्नोत्तरी छापण्यात आली. तिची एकही प्रत आज शिल्लक नाही.

त्याच दशकाच्या अखेरीस एका ब्राह्मणाच्या घरातून मिळविलेल्या मराठी पोथ्या विद्यालयात आणून त्यांतील काही भागांचे पोर्तुगीज भाषांतर करण्यात आले. हेतू खंडनाचा होता. पुढे १५७९ मध्ये गोव्यात आलेले थॉमस स्टीफन्स यांनी मराठी आत्मसात करून 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले.

साथीच्या रोगांमुळे विद्यालय जुन्या जागेतून हलले. १७५९ मध्ये पोर्तुगीज राजवटीने येशूसंघाला हद्दपार केले आणि एकोणिसाव्या शतकात मूळ इमारत पाडण्यात आली. जुन्या गोव्यात चर्चच्या दर्शनी भिंतीची कमान तेवढी उभी असून ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे.