दुखणं ऐकून घेणारी डॉक्टर

आपल्याकडे सोसणाऱ्या बाईचं भारी कौतुक. एवढं दुखत होतं, पण शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाही, असं आपण अभिमानाने सांगतो. पण दुखणं थांबवता येत असेल तर सोसायचं कशाला? हा प्रश्न आयुष्यभर लावून धरणारी एक बाई इंग्लंडमध्ये होऊन गेली. तिचं नाव डॉ. सिसिली सॉन्डर्स.

त्यांचा जन्म २२ जून १९१८चा, लंडनजवळच्या बार्नेटचा. घर खाऊनपिऊन सुखी, पण आईवडिलांचं पटत नव्हतं. सिसिली ऑक्सफर्डला शिकायला गेल्या. तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं आणि १९४० मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. पुढे पाठीच्या दुखण्याने नर्सिंग सुटलं. मग राहिलेली पदवी पूर्ण करून त्या रुग्णालयातच समाजसेविका झाल्या. रुग्णाच्या घरची अडचण काय, खर्चाचं कसं, हे बघायचं काम.

तिथेच त्यांना डेव्हिड तास्मा भेटला. वॉर्सामधून आलेला पोलिश ज्यू, वय चाळीसच्या आसपास, कॅन्सर हाताबाहेर गेलेला आणि जवळचं माणूस कुणी नाही. सिसिली त्याच्याजवळ बसून बोलत. अशा माणसांना शांतपणे जाता येईल अशी एखादी जागा असावी, हा विचार या गप्पांतूनच आला. १९४८ मध्ये तो गेला. जाताना त्याने आपल्याजवळचे ५०० पौंड सिसिलींना दिले आणि तुमच्या त्या घरात मी एक खिडकी होईन, अशा अर्थाचं बोलून ठेवलं. घर उभं राहायला मात्र १९ वर्षं लागली!

दरम्यान सिसिली संध्याकाळी सेंट ल्यूक्स या संस्थेत स्वयंसेविका म्हणून जात. तिथे दर चार तासांनी वेदनाशामक औषध नेमाने देत. दुखणं डोकं वर काढायच्या आतच पुढचा डोस. एरवी रुग्णालयांत रुग्ण कळवळून मागेपर्यंत थांबायची पद्धत होती. हे बदलायचं तर डॉक्टरच व्हायला हवं, असा सल्ला त्यांना एका सर्जनने दिला. कलाशाखेची ही पदवीधर बाई १९५१ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी वैद्यकीय शिक्षणाला बसली आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाली. मीही कलाशाखेचीच, त्यामुळे मला याचं फार अप्रूप वाटतं.

१९५८ पासून पूर्व लंडनमधल्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये त्यांनी संशोधन सुरू केलं. एक हजाराहून जास्त रुग्णांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या. औषध किती दिलं, केव्हा दिलं, काय फरक पडला. मॉर्फिन तोंडाने, ठरल्या वेळी आणि त्या त्या रुग्णाला बेताने दिलं तर माणूस गुंगीत पडून राहत नाही, डोस उगाच वाढवत न्यावा लागत नाही, व्यसनाची भीतीही अनाठायी आहे, हे त्यातून दिसलं.

याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी दुखण्याचा अर्थच रुंदावला. दुखतं ते फक्त शरीर नव्हे. मुलांचं कसं होईल ही काळजी, पैशांची ओढाताण, एकटेपण, आपल्याच वाट्याला हे का आलं हा प्रश्न, हे सगळं त्या दुखण्यात मिसळलेलं असतं. याला त्यांनी 'टोटल पेन' असं नाव दिलं. मी समाजकार्याच्या निमित्ताने आजाऱ्यांच्या घरी जाते. तिथे हे पदोपदी दिसतं. गोळीने अंगाचं दुखणं कमी झालेलं असतं, पण मुलीच्या लग्नाचा विषय निघाला की बाई पुन्हा तळमळू लागते.

१९६७ मध्ये दक्षिण लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू झालं. तास्माची खिडकी तिथे आहे. उपचार, शिक्षण आणि संशोधन तिन्ही एकाच छपराखाली होतं. दोन वर्षांत घरी जाऊन सेवा द्यायलाही सुरुवात झाली. १४ जुलै २००५ रोजी, ८७व्या वर्षी, सिसिलींनी याच घरात शेवटचा श्वास घेतला. त्यांनाही कॅन्सरच होता.

ही चळवळ आपल्यापर्यंतही पोचली. १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे इथे शांती आवेदना हे देशातलं पहिलं हॉस्पिस सुरू झालं. पण १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या जाचक परवान्यांमुळे रुग्णांना मॉर्फिन मिळणं फार कठीण झालं होतं. २०१४च्या दुरुस्तीने ते नियम सोपे झाले. आपल्या मनातली भीती मात्र अजून आहे. सवय लागेल, म्हणून कितीतरी घरांत डॉक्टरांनी दिलेली गोळी कपाटातच राहते.

म्हणून एक सांगावंसं वाटतं. घरात असं दुखणं असेल तर वेदनाशामक उपचारांबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा, गोळ्या ठरल्या वेळी द्या. आणि कामं जरा बाजूला ठेवून उशाशी बसा. नुसतं दुखतंय का एवढंच विचारू नका, मनात काय चाललंय तेही विचारा.