ऑपेराच्या नादाने मखमलीपर्यंत पोचलेला माणूस : मारियानो फॉर्च्युनी

मखमलीवर सोनेरी वेलबुट्टी म्हटलं की आपल्याला वाटतं जर विणलेली असणार. पण व्हेनिसमध्ये एक माणूस असा होऊन गेला की त्याच्या मखमलीत जर नसायचीच. साध्या रेशमी मखमलीवर तो धातूची पूड मिसळलेल्या रंगाने छपाई करायचा, आणि बघणाऱ्याला कापड चारशे वर्षं जुनं वाटायचं.

त्याचं नाव मारियानो फॉर्च्युनी. जन्म 1871 चा, स्पेनमधल्या ग्रॅनडाचा. वडील नावाजलेले चित्रकार, पण पोरगं तीन वर्षांचं असतानाच ते गेले. आई सेसिलियाला जुनी कापडं जमवायचा नाद. मखमलीचे, जरीचे शेकडो वर्षांचे तुकडे तिच्या संग्रहात होते. पोराच्या डोळ्यांना वळण लागलं ते तिथंच. 1889 मध्ये हे कुटुंब पॅरिसहून व्हेनिसला आलं.

आता खरं तर हा गडी निघाला होता ऑपेराच्या मागे. जर्मनीतल्या बायरॉइटला जाऊन त्याने वाग्नरचे ऑपेरा पाहिले आणि येडा झाला. संगीत एवढं अफाट, पण रंगमंचावर काय, तर रंगवलेल्या पडद्यांचं आकाश आणि थेट अंगावर येणारा भगभगीत उजेड. हे त्याला खटकलं.

म्हणून त्याने उजेडाची वाटच बदलली. दिवा थेट नटावर मारायचा नाही, आधी रंगीत कापडावर टाकायचा आणि तिथून परावर्तित झालेला मऊ प्रकाश रंगमंचावर आणायचा. जोडीला मागे एक घुमट, ज्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंतचं आकाश दाखवता येईल. 1901 मध्ये त्याने या प्रकाशयोजनेचं पेटंट घेतलं. त्याच्या थोडं आधी मिलानच्या ला स्काला थिएटरात तोस्कानिनीने वाग्नरचा ‘ट्रिस्टन आणि इझोल्ड’ केला, त्याचा देखावा आणि वेशभूषा फॉर्च्युनीचीच होती.

मग कापड कुठून आलं? तेही थिएटरातूनच. 1906 मध्ये पॅरिसमधल्या एका सरदार घराण्यातल्या बाईंच्या खासगी थिएटरात नर्तिकांसाठी त्याने छापील रेशमी ओढण्या केल्या. लोकांचं लक्ष तिकडेच गेलं आणि गाडीने रूळ बदलले.

व्हेनिसच्या पॅलाझ्झो पेसारो ऑर्फेईत रंगाचे हंडे चढले. एकावर एक रंग, मग ठशांनी नि स्टेन्सिलने छपाई, शेवटी हाताने फिरवलेला ब्रश. त्यामुळे एक तुकडा दुसऱ्यासारखा निघायचाच नाही. नमुने मात्र जुन्या व्हेनिसच्या चित्रांतले आणि आईच्या संग्रहातले. मार्सेल प्रूस्तने आपल्या कादंबरीत या कपड्यांना जागा दिली, इसाडोरा डंकनने ते अंगावर घातले.

त्याचा सगळ्यात गाजलेला पोशाख मात्र मखमलीचा नव्हता. बारीक चुण्यांचा रेशमी ‘डेल्फॉस’ झगा, कडेला मुरानोच्या काचेचे मणी. 1909 मध्ये पेटंट निघालं ते फॉर्च्युनीच्या नावावर. पण त्याच कागदावर त्याने स्वतःच्या हाताने नोंद केली, की हे काम आँरिएतचं आहे. आँरिएत म्हणजे त्याची जोडीदार. पॅरिसला भेटलेली ही बाई रंग आणि शिवणकाम सांभाळत होती. लग्न झालं 1924 मध्ये. नाव जगभर झालं ते एकट्या फॉर्च्युनीचं.

पहिल्या महायुद्धानंतर रेशीम, मखमल मिळणं जड झालं. तेव्हा त्याने ज्युडेका बेटावर कारखाना काढला आणि तीच जादू सुती कापडावर सुरू केली. अमेरिकेत हे कापड पोचवलं एल्सी मॅकनील या बाईंनी.

1949 मध्ये फॉर्च्युनी वारला. दफन रोममध्ये, वडिलांशेजारी. पुढे कारखाना एल्सीबाईंच्या हाती आला. डेल्फॉस झगा मात्र आँरिएतने कुणालाच दिला नाही. तो आपला आहे, आता पुन्हा बनायचा नाही, असं तिने कळवून टाकलं. राहता वाडा तिने 1956 मध्ये व्हेनिस शहराला देऊन टाकला, तिथं आज संग्रहालय आहे. ज्युडेकाचा कारखाना अजून चालू आहे, पण छपाई चालते त्या खोलीत बाहेरच्या माणसाला आजही सोडत नाहीत.