काउंट रम्फर्ड

विद्यार्थी मित्रांनो, हिवाळ्यात हात गार पडले की तुम्ही काय करता? तळहात एकमेकांवर चोळता. मग रजई ओढून घेता आणि ऊब टिकवता. या साध्या गोष्टींमागचे कारण ज्यांनी शोधले, त्या शास्त्रज्ञाची ही ओळख आहे.

त्यांचे नाव बेंजामिन थॉम्पसन. त्यांचा जन्म १७५३ साली अमेरिकेतील वोबर्न या गावी एका शेतकऱ्याच्या घरी झाला. वडील लवकर वारले. तेराव्या वर्षी ते एका दुकानात काम शिकू लागले. पुढे ते शिक्षक झाले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात त्यांनी इंग्रजांची बाजू घेतली. त्यामुळे पत्नी आणि लहान मुलगी यांना मागे सोडून ते इंग्लंडला गेले.

नंतर जर्मनीतील बव्हेरिया राज्यात त्यांना मोठे पद मिळाले. सैनिकांना उबदार कपडे कसे द्यावेत, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी लोकर, रेशीम, कापूस, पिसे यांवर प्रयोग केले. त्यांना दिसले, की ऊब टिकते ती धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. हवा स्थिर राहिली, की उष्णता सहज बाहेर जात नाही. तुमच्या रजईतही हेच घडते.

१७९० साली म्युनिक शहरातील भिकाऱ्यांना त्यांनी काम आणि जेवण मिळवून दिले. रोज इतक्या लोकांसाठी स्वयंपाक करायचा, तर लाकूड किती जाळायचे? उघड्या चुलीची बरीचशी उष्णता हवेत निघून जात होती. त्यांनी विस्तव चारही बाजूंनी बंद केला आणि भांडी विटांच्या बांधकामात बसवली. थोड्या लाकडात पुष्कळ अन्न शिजू लागले.

त्यांना काउंट ही पदवी मिळाली. आपण जिथे शिकवत होतो, त्या गावाचे जुने नाव त्यांनी पदवीसाठी निवडले. ते काउंट रम्फर्ड झाले.

म्युनिकच्या कारखान्यात तोफांना भोक पाडताना धातू अतिशय तापत असे. उष्णता हा वस्तूत साठलेला एक अदृश्य द्रव आहे, असे तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञ मानत. रम्फर्ड यांनी मुद्दाम बोथट हत्यार घेतले. धातूभोवती पाण्याची पेटी बसवली आणि घोड्यांकडून यंत्र फिरवले. अडीच तासांनी पाणी उकळू लागले. विस्तव तर कुठेच नव्हता! घर्षण चालू होते तोपर्यंत उष्णता निघतच राहिली. साठलेला द्रव कधीतरी संपला असता. म्हणून उष्णता गतीपासून निर्माण होते, असे त्यांनी १७९८ साली मांडले.

पण यात आणखी एक धडा आहे. जिथे नको तिथे घर्षण झाले, की आपली मेहनत उष्णता होऊन वाया जाते. पुढे रम्फर्ड यांनी गाडीच्या चाकांवरही प्रयोग केले. चाकांची धाव रुंद केली, तर गाडी ओढायला कमी जोर लागतो, असे त्यांना आढळले.

१७९९ साली त्यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन ही संस्था सुरू झाली. १८१४ साली पॅरिसजवळ त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर पाहा. शिजणाऱ्या भांड्यावर झाकण आहे का? सायकलच्या साखळीला तेल आहे का? वाया जाणारी उष्णता डोळ्यांना दिसत नाही. ती शोधावी लागते.