भक्षकपेशींचे शोधक इल्या मेचनिकॉव्ह

खार्कोवजवळ १८४५ साली जन्मलेल्या इल्या मेचनिकॉव्ह यांचे चरित्र आम्ही या स्मरणिकेसाठी निवडले, ते त्यांच्या नोबेल पारितोषिकाकडे पाहून नव्हे. त्यांच्या वाट्याला आलेले दुःख आणि त्यांनी लावलेला शोध यांची विलक्षण गाठ पडली आहे.

पहिली पत्नी ल्युदमिला क्षयाने इतकी खंगली होती की, विवाहासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ मध्ये मदीरा बेटावर ती गेली. त्या शोकात मेचनिकॉव्ह यांनी स्वतःचे जीवनही संपवू पाहिले, ते वाचले.

१८८२ च्या अखेरीस सिसिलीतील मेसिना येथे घरची मंडळी सर्कशीला गेली असता ते एकटेच सूक्ष्मदर्शकाशी बसले होते. तारामाशाच्या पारदर्शक अळीत हिंडणाऱ्या पेशी पाहताना, याच पेशी शरीराचे रक्षण करीत असाव्यात, असे त्यांच्या मनात आले. बागेतील गुलाबाचे काटे त्यांनी अळ्यांच्या त्वचेखाली खुपसले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतात तो काट्याभोवती पेशींनी कडे केलेले! धम्म ज्याला एहिपस्सिक म्हणतो, ती हीच वृत्ती, असे आम्हांस वाटते. बोटात मोडलेल्या काट्याभोवती पू का धरतो, याचाही उलगडा येथेच होतो.

पुढे डाफ्निया या पाण्यातील इवल्या जीवाच्या अंगात बुरशीचे सुईसारखे बीजाणू गिळले जाताना त्यांनी पाहिले. पेशी जिंकल्या तर जीव वाचे, हरल्या तर मरे. भक्षकपेशी जंतूला वेढते, एका पिशवीत कोंडते आणि त्या कोठडीत पाचकरस ओतते. रोगप्रतिकार रक्तद्रवातच असतो, असे मानणाऱ्या जर्मन विद्वानांशी त्यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. १८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. १९०८ चे नोबेल त्यांना व प्रतिपक्षाच्या पाउल एर्लिख यांना विभागून मिळाले; दोघांचेही म्हणणे खरे होते.

शत्रूही कच्चा नसतो. काळ्या आजाराचा परजीवी लिशमॅनिया भक्षकपेशीच्या पाचकरसातच वाढतो. क्षयाचा जंतू तर पाचकरसाची पिशवी त्या कोठडीला जुळूच देत नाही. ल्युदमिलाचा घास घेणारा रोग असा त्याच पहारेकऱ्यांच्या पोटात दडून बसतो.

उतारवयात ते आंबवलेल्या दुधाचे पुरस्कर्ते झाले. ताकाची थोरवी आपल्याकडे कोणी नोबेल विजेत्याने सांगावी लागत नव्हती, ही गोष्ट वेगळी. १५ जुलै १९१६ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत.