तबकडीला शिस्त लावणारा एड हेड्रिक

संगम माहुलीपासून हरिपूरपर्यंत कृष्णाकाठाने आजवर असंख्य माणसांच्या अस्थी पाहिल्या. वेण्णेचा संगम असो वा वारणेचा, राख पाण्याला मिळाली की देहाचा हिशेब मिटला, ही आपल्याकडची समजूत. अमेरिकेतील एका गृहस्थाने मात्र आपली राख वाऱ्याच्या स्वाधीन करण्याची व्यवस्था करून ठेवली होती, आणि तीही उधळून नव्हे. ही राख प्लॅस्टिकमध्ये मिसळावी आणि त्या मिश्रणातून फेकायच्या तबकड्या ओतून घ्याव्यात, अशी त्यांची इच्छा होती. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि कुटुंबीयांनी ती इच्छा पुरी केली. या गृहस्थांचे नाव एडवर्ड हेड्रिक. खेळाच्या जगात ते 'स्टेडी एड' म्हणून ओळखले जात. हवेत डगमगणाऱ्या फ्रिसबीला त्यांनी स्थैर्य दिले आणि पुढे त्याच तबकडीवर डिस्क गोल्फ हा नवा खेळ उभा केला.

फ्रिसबी आपल्याकडे अपरिचित नाही. मुलाच्या वाढदिवसाला भेट म्हणून आलेली रंगीत प्लॅस्टिकची थाळी दोन दिवस अंगणात उडते आणि तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या पत्र्यावर जाऊन बसते. डिस्क गोल्फमध्ये अशीच, पण लहान, जड आणि धारदार कडेची तबकडी वापरतात. गोल्फच्या चेंडूऐवजी तबकडी आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली. कमीत कमी फेकींत तबकडी टोपलीत टाकणारा जिंकतो. हिरवळ लागत नाही, काठ्यांचा संच लागत नाही, क्लबचे सभासदत्व लागत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत माळरानाची टंचाई नाही, त्यामुळे हा खेळ येथे रुजण्यासारखा आहे. अडचण एकच, वाऱ्याची. चाळकेवाडीच्या पठारावर आणि ढालगाव परिसरात पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगाच नव्हे. अशा वाऱ्यात कोणती तबकडी हातात घ्यावी, हा प्रश्न पुढे येतोच. त्याचे उत्तर शोधताना हेड्रिक यांच्या आयुष्याकडे वळावे लागते, कारण तबकडीचे हवेतील वागणे हाच त्यांचा जन्मभराचा विषय होता.

हेड्रिक यांचा जन्म २८ जून १९२४ रोजी कॅलिफोर्नियात झाला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी प्रत्यक्ष रणांगणावर काम केले. युद्धानंतरची काही वर्षे त्यांनी निरनिराळ्या उद्योगांत घालविली आणि १९६४ मध्ये ते व्हॅम-ओ या खेळणी बनविणाऱ्या कंपनीत दाखल झाले. रिचर्ड नेर आणि आर्थर मेलिन या दोन मित्रांनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीचा पहिला माल होता गलोल. गलोलीतून सुटलेला खडा निशाणावर आदळताना जो आवाज होतो, त्यावरूनच कंपनीचे नाव पडले. १९५८ मध्ये हुला हूपच्या कड्यांनी अमेरिकेला वेड लावले, तीही याच कंपनीची.

फ्रिसबी मात्र हेड्रिक यांची कल्पना नव्हती, हे स्पष्ट केले पाहिजे. फ्रेड मॉरिसन या तरुणाने १९३७ मध्ये पॉपकॉर्नच्या डब्याचे झाकण फेकून खेळताना तिचे बीज शोधले. पुढे पाच सेंटची केकची थाळी समुद्रकिनाऱ्यावर पंचवीस सेंटला विकता येते, हे त्याच्या लक्षात आले. मग प्लॅस्टिकची तबकडी झाली आणि जानेवारी १९५७ मध्ये मॉरिसनने तिचे हक्क व्हॅम-ओला दिले. नाव आले ते कनेक्टिकटमधील फ्रिस्बी नावाच्या बेकरीवरून. तिच्या पायच्या रिकाम्या थाळ्या विद्यार्थी एकमेकांकडे भिरकावीत असत. थोडक्यात, वस्तू तयार होती, नाव तयार होते आणि विक्रीही होत होती. मात्र ती मुलांचे खेळणे होती. जोराने फेकली की ती थरथरे, कलंडे आणि कोठेही जाऊन पडे.

हेड्रिक यांचे पहिले मोठे काम येथे सुरू होते. त्यांनी तबकडीच्या वरच्या पृष्ठभागावर, कडेच्या बाजूने, एकात एक अशी उंचवट्यांची वर्तुळे घातली. रेकॉर्डवरील चरे दिसावेत तशी ती दिसतात, म्हणून पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. प्रत्यक्षात या उंचवट्यांमुळे पृष्ठभागावरून सरकणाऱ्या हवेच्या थराला ठिकठिकाणी अडथळा होतो आणि तबकडी हवेत अधिक स्थिर राहते. १९६५ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि डिसेंबर १९६७ मध्ये ते मंजूर झाले. या वर्तुळांना खेळाडू आजही हेड्रिक यांच्या नावाने ओळखतात. अचूक फेकता येणारी तबकडी हाती आल्यावर तिच्या स्पर्धा होणे ओघानेच आले. १९६७ मध्येच त्यांनी आंतरराष्ट्रीय फ्रिसबी संघटना स्थापन केली. खेळणे विकणाऱ्या कंपनीतील अधिकाऱ्याने खेळाडूंची संघटना काढणे यात व्यापार होता हे उघड आहे. पण केवळ व्यापार असता तर पुढची वाट त्यांनी धरली नसती.

१९७५ मध्ये लॉस एंजलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्यांनी जगातील पहिले कायमस्वरूपी डिस्क गोल्फ मैदान आखले. आरंभी लक्ष्य म्हणून केवळ खांब रोवलेले होते. तबकडी खांबाला लागली की नाही, यावर खेळाडूंत तंटे होत. आपल्याकडे विटीदांडूत किंवा गोट्यांत जसे 'लागली', 'नाही लागली' चालते, तसेच. हेड्रिक यांनी त्यावर तोडगा काढला तो साखळ्यांच्या टोपलीचा. तबकडी साखळ्यांवर आदळते, तिचा वेग मरतो आणि ती खालच्या टोपलीत पडते. वादाला जागाच उरत नाही. १९७७ मध्ये या टोपलीचेही पेटंट मिळाले.

तोपर्यंत त्यांनी नोकरी सोडली होती. वयाची पन्नाशी ओलांडलेली, हाताशी एका यशस्वी कंपनीतील वरिष्ठ पद, आणि समोर असा खेळ ज्याची जगात जेमतेम एक-दोन मैदाने आहेत. अशा वेळी मुलाला सोबत घेऊन मैदाने आखण्याचा आणि टोपल्या बनविण्याचा धंदा सुरू करणे हे धाडसच म्हणावे लागेल. १९७६ मध्ये त्यांनी व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना स्थापन केली आणि तिचे पहिल्या क्रमांकाचे सभासदत्व स्वतः घेतले. १९७९ मध्ये या खेळाची पन्नास हजार डॉलर बक्षिसांची स्पर्धा झाली. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी संघटनेचा कारभार खेळाडूंच्या हाती सोपविला. डिस्क गोल्फ या नावावरील हक्कही त्यांनी स्वतःकडे ठेवला नाही, तो सर्वांसाठी खुला केला. संस्था काढणारे पुष्कळ असतात. ती वेळेवर सोडणारे किती, हे आपल्या जिल्ह्यांतील वाचकांना वेगळे सांगायला नको.

नेमक्या याच सुमारास खेळाला कलाटणी मिळाली, आणि ती हेड्रिक यांच्या हातून मिळाली नाही. १९८३ मध्ये डेव्ह डनिपेस यांनी कड तिरपी कापलेली, सुरीच्या पात्यासारखी हवा चिरणारी तबकडी बाजारात आणली. जुन्या फ्रिसबीची कड गोल आणि बोथट होती, त्यामुळे तिच्या अंतराला मर्यादा होती. नव्या तबकडीने अंतर वाढविले. पण वेगाबरोबर वळणेही आली. हेड्रिक यांनी सारी हयात तबकडी सरळ जावी म्हणून खर्ची घातली होती. आता सरळ न जाणाऱ्या तबकड्यांमधून योग्य ती निवडणे, हेच खेळाडूचे कौशल्य ठरू लागले.

यामागचे शास्त्र भोवरा फिरविलेल्या कोणालाही समजेल. फिरत्या भोवऱ्याला एका बाजूने टिचकी मारली तर तो त्याच दिशेने कलत नाही, काटकोनातील दिशेला सरकतो. तबकडीचेही तसेच. उजव्या हाताने, पाठमोऱ्या हाताच्या फेकीने सोडलेली तबकडी वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग जास्त असताना हवेचा दाब तिचे पुढचे टोक खाली ढकलू पाहतो आणि ती उजवीकडे वळते. वेग ओसरला की पुढचे टोक वर उचलले जाते आणि ती डावीकडे उतरते. डावखुऱ्याने ही दिशा उलटी समजावी. जी तबकडी भर वेगातही उजवीकडे वळण्याचे नाकारते आणि शेवटी जोराने डावीकडेच उतरते, तिला ओव्हरस्टेबल म्हणतात. आपल्या भाषेत हट्टी म्हणावे. लांब पल्ल्याच्या तबकडीला ड्रायव्हर हे नाव आहे. एसटीच्या चालकाशी त्याचा संबंध नाही, गोल्फच्या काठीवरून ते आले आहे.

मग हट्टी तबकडी घ्यायची कशासाठी? समोरून येणाऱ्या वाऱ्यासाठी. समोरचा वारा तबकडीच्या दृष्टीने वेग वाढल्यासारखाच असतो, म्हणून साधी तबकडी त्यात उजवीकडे उलटते आणि भलतीकडे वाहून जाते. हट्टी तबकडी तशी उलटत नाही. ती थोडे कमी अंतर जाईल, पण कोणत्या बाजूला पडेल हे आधी सांगता येते. म्हणून नेम उजवीकडे धरायचा आणि उरलेले काम तिच्यावर सोडायचे. पाठीमागून वारा असेल तर मात्र हीच तबकडी लवकर खाली येते. तेथे ती हाती घेण्यात अर्थ नाही.

तबकडीवर बहुधा चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंगणे, वळण आणि उतार. फायरबर्ड या प्रसिद्ध तबकडीचे आकडे ९, ३, ०, ४ असे आहेत. वळण शून्य म्हणजे उजवीकडे जाणार नाही आणि उतार चार म्हणजे शेवटी ठामपणे डावीकडे येणार. डिस्ट्रॉयर हा १२ वेगाचा ड्रायव्हर. त्याचे वळण उणे १ आणि उतार ३. दुकानात वा संकेतस्थळावर पाहताना नवखा खेळाडू मोठ्या आकड्याला भुलतो, आणि येथेच फसतो. वेग १२ हा आकडा तबकडीची क्षमता सांगत नाही, तिला फेकणाऱ्याच्या हातात किती वेग हवा ते सांगतो. तो वेग नसेल तर हट्टी तबकडी सुटल्याबरोबर डावीकडे कलते आणि हाताने सरळ फेकलेल्या दगडाइतकेही अंतर जात नाही. नवख्याने ७ ते ९ वेगाच्या पुढे जाऊ नये, हे आमचे मत. कड रुंद झाली की लहान पंजाला पकड बसत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

आकड्यांवर सर्वस्वी विसंबूनही चालत नाही. एकाच साच्यातल्या दोन तबकड्या वेगळ्या वागू शकतात. त्यासाठी तबकडी सपाट टेबलावर ठेवून तिच्या कडेकडे डोळे समपातळीत आणून पाहावे. कडेचे टोक टेबलापासून जितके उंच, तितकी ती अधिक हट्टी. माथा फुगीर असेल तर ती जास्त तरंगेल. वाऱ्यासाठी सपाट माथा बरा. पठारावरच्या वाऱ्यात १७० ते १७५ ग्रॅमची तबकडी हलकीपेक्षा भरवशाची ठरते. स्वस्त, मऊ प्लॅस्टिक दगडगोट्यांवर आपटून लवकर झिजते आणि त्याबरोबर तिचा हट्टही कमी होतो. आपल्याकडचा काळा कातळ पाहता टिकाऊ प्लॅस्टिकला दोन पैसे जास्त मोजणे शहाणपणाचे. झिजलेली तबकडी टाकून देऊ नये. शांत हवेत तीच सरळ जाते.

सरावाची जागा मात्र जपून निवडावी. कास पठाराचा विचार कोणी करू नये. २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या त्या फुलांवर तबकडी शोधत फिरणे गुन्ह्यासारखेच आहे. गावाबाहेरचा उघडा माळ, गुरे नसलेली वेळ आणि सोबत एखादा मित्र एवढे पुरे. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा जोरात असतो. हट्टी तबकडीची खरी परीक्षा तेव्हाच होते.

हेड्रिक शेवटपर्यंत मैदानावर दिसत राहिले. २००२ च्या जुलैमध्ये मायामी येथे हौशी खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेसाठी ते गेले असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १२ ऑगस्ट २००२ रोजी कॅलिफोर्नियातील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. ते ७८ वर्षांचे होते. राख मिसळलेल्या तबकड्या आप्तांना आणि चाहत्यांना मिळाल्या. ओक ग्रोव्हचे मैदान आज हहामोंग्ना वॉटरशेड पार्क या नावाच्या उद्यानात आहे. तेथे साखळ्यांच्या टोपल्या उभ्या आहेत आणि खेळ अजून चालू आहे.